मनोऱ्यावरची सैल कडी

माझ्या धाकट्या भावाला सगळं गाव खटपट्या म्हणतं. नाव मीच पाडलं, तो रांगत होता तेव्हा. रांगत रांगत गेला, आजोबांच्या खुर्चीचा एक स्क्रू काढला आणि तोंडात घालून बसला. आजोबा खुर्चीत बसले ते थेट जमिनीवर. त्या दिवसापासून तो खटपट्या आणि मी त्याच्यावर डोळा ठेवणारी ताई. ही नोकरी मला कुणी विचारून दिली नाही आणि तिच्यात एक दिवसाची सुट्टी नाही.

मोठा झाल्यावर हा खटपट्या टेकडीवरच्या मनोऱ्याचा फिटर झाला. आमची शेवटची गल्ली लाकडाच्या वखारीपाशी संपते, वखारीमागे जंगल सुरू होतं आणि जंगलाच्या मधोमध टेकडीवर तो लोखंडी मनोरा उभा आहे. वर काचेची खोली. कोरडे महिने लागले की तिथे एक राखणदार राहायला जातो आणि दिवसभर एकच काम करतो, कुठे धूर दिसतोय का ते बघतो. दिसला की वायरलेसवरून खाली कळवतो, आणि खालची माणसं पाण्याची गाडी घेऊन पळत सुटतात. आग विझली की राखणदाराची वाहवा होते. तो ज्याच्यावर उभा असतो ते कोण उभं ठेवतं, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. म्हणून म्हटलं मीच सांगावं.

या मनोऱ्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे, पण सभ्य माणसांसमोर सांगण्यासारखा नाही. आधी तिथे म्हणे एक उंच झाड होतं. बुंध्याला खुंट्या ठोकलेल्या, शेंड्याजवळ एक फळी, फळीखाली घंटा. राखणदार फळीवर बसायचा आणि धूर दिसला की घंटा बडवायचा. एकदा दुपारचं जेवण जरा जास्त झालं, त्याचा डोळा लागला आणि तो घंटेवरच पडला. सगळं गाव बादल्या घेऊन धावलं. आग कुठेच नव्हती, राखणदार घंटेच्या दोराला लटकून शिव्या देत होता. मग लाकडी मनोरा बांधला. त्यातल्या राखणदाराने वर शेगडीवर बटाटे भाजायला ठेवले आणि मनोराच पेटला. आग बघायला बांधलेला मनोरा आगीतच गेला, आणि ती आग सगळ्यांच्या आधी पाहिली कुणी? तर त्यानेच! माणूस कामाला चोख, फक्त पळत खाली येताना बटाटे घेऊन आला, हे लोकांना आवडलं नाही.

तिसऱ्या खेपेला लोखंड आणलं. कुठलीशी खाण बंद पडली होती, तिथला सांगाडा सुटा करून इथे जोडला. जोडणाऱ्यांत आमचे बाबा होते. घाईघाईत वरची खोली उलटी बसली. जिना एका बाजूला आणि दार बरोबर त्याच्या पाठच्या बाजूला. धापा टाकत वर पोचलं की समोर दार नाही, खिडकी. मग खोलीभोवती अरुंद सज्जा जोडला. आजही वर येणाऱ्याला दारापर्यंत जायचं तर त्या सगळ्या खिडक्यांसमोरून अर्धी प्रदक्षिणा घालावी लागते, आणि आतला माणूस त्याला पायापासून डोक्यापर्यंत निवांत न्याहाळून घेतो. ही चूक कुणाची, असं विचारलं की बाबांना खोकला यायचा.

त्या चुकीची भरपाई म्हणून की काय, बाबांनी उभा जन्म मनोऱ्याची निगा राखली आणि मग ते काम खटपट्याच्या हाती दिलं. लहान हातोडी घेऊन खालून वर चढायचं आणि प्रत्येक बोल्टवर ठोकायचं. घट्ट बोल्ट ‘टण्ण’ करतो, सैल झालेला ‘थप’ करतो. थप ऐकू आलं की पाना लावायचा. गंज खरवडून लाल रंग द्यायचा, त्यावर करडा. चार बाजूंच्या ताणाच्या तारा, वीज जमिनीत नेणारी तांब्याची पट्टी, सामान वर ओढायची कप्पी, सगळं बघायचं. काचा तर लख्खच हव्यात. एका राखणदाराने लोण्याचं बोट काचेला पुसलं होतं, तर पाण्याची गाडी त्या डागाच्या मागे सबंध दुपार जंगलात फिरत होती. आणि एक स्टूल आहे, त्याच्या चारही पायांखाली जाड काचेच्या वाट्या. विजा चमकायला लागल्या की राखणदाराने त्यावर पाय वर घेऊन बसायचं, कारण काचेतून वीज जात नाही. बाहेर आभाळ फाटतंय आणि आत एक मोठं माणूस कोंबडीसारखं स्टुलावर बसलंय. मी एकदा पाहिलंय, आठवड्याभराचं हसू आलं.

खटपट्याच्या हाताला यश होतं, पण तोंडाला कुलूप. माणसांशी बोलायची वेळ आली की हा भिंतीतले खिळे मोजायचा. चाळिशी उलटली तरी लग्न नाही. माझ्या घरात मागच्या खोलीत राहायचा, आमच्या ह्यांच्याशी पत्ते खेळायचा, मुद्दाम हरायचा. मी काय कमी प्रयत्न केले? एका मैत्रिणीच्या नणंदेशी ओळख करून द्यायला त्याला घेऊन गेले. चांगली हसरी बाई, शाळेत गाणं शिकवणारी. आम्ही चहाला बसलो, आणि हा कुठे गायब? तर त्यांच्या पुढच्या दाराचं बिजागर करकरत होतं, ते उतरवून बसला होता. निरोप घेताना म्हणाला काय तर, ‘आता आवाज येणार नाही.’ त्या बाईने पुढे दुसऱ्याशी संसार थाटला. दार अजून आवाज करत नाही, एवढीच काय ती आमची कमाई.

अशात मनोऱ्यावरच्या जुन्या राखणदाराच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि त्याच्या जागी एक बाई आली. दुकानदार त्यांना ‘वरच्या बाई’ म्हणायला लागला, तेच नाव राहिलं. वय खटपट्याच्या आसपासचं, नजर घारीची, जीभ त्याहून तेज. नवरा होता, गेला. वारला नाही, नुसता गेला. बाई त्याला म्हणाल्या होत्या, ‘जातोस तर दार लावून जा,’ आणि तो खरंच लावून गेला. हे त्यांनी स्वतः दुकानात पीठ मोजून घेता घेता सांगितलं, आणि वर दुकानदाराला म्हणाल्या, ‘तराजूवरचं बोट काढा.’ मला बाई तिथल्या तिथे आवडल्या.

पहिल्या खेपेला खटपट्या वर गेला तेव्हा त्यांनी फळ्या पुसल्या होत्या. दारातच म्हणाल्या, ‘बूट काढून या.’ याने काढले. मोज्यातून अंगठा बाहेर, हा एवढा. बाईंनी अंगठ्याकडे पाहिलं, याच्याकडे पाहिलं आणि चहा ठेवला. संध्याकाळी घरी येऊन माझ्यासमोर मोज्यांची जोडी धरून उभा राहिला.

‘ताई, हे जरा रफू करून देशील?’

अहो, ज्या माणसाने जन्मात मोज्याकडे खाली वाकून पाहिलं नव्हतं! मी सुईत दोरा ओवता ओवता समजले की आपल्या घरात काहीतरी घडलंय.

त्यानंतर मनोऱ्यावर काही ना काही मोडायला लागलं. आधी खिडकीची कडी. बाईंनी वायरलेसवरून कळवलं, खटपट्या वर गेला, बसवून आला. पुढच्या आठवड्यात टेबलाचा खण. मग कपाटाचं बिजागर. मग परत तीच कडी. हा आपला दर खेपेला स्वच्छ शर्ट घालून, केसांना पाणी लावून निघायचा. गंज खरवडायला जाणारा माणूस भांग पाडून जातो का कधी?

एकदा त्याची पँट धुवायला टाकताना खिसा चाचपला तर आत मूठभर स्क्रू. चांगले, नवे, एकाचाही आटा झिजलेला नाही. मी ते जेवणाच्या टेबलावर ओतले.

‘हे काय?’

‘स्क्रू.’

‘ते मलाही दिसतंय. चांगले स्क्रू खिशात घालून परत का आणतोस? खराब झालेले कुठे आहेत?’

याची मान खाली. कान लाल झाले तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

‘अरे बावळटा, कडी तूच सैल करून येतोस?’

‘अर्धा फेरा फक्त,’ तो पुटपुटला. ‘अर्धा फेरा सैल केली की वाऱ्याने हलून हलून आठवड्याने निघते.’

‘आणि तू परत जातोस.’

‘बोलावतात म्हणून जातो.’

आमचे हे हातातलं वर्तमानपत्र तोंडापुढे धरून इतके हसले की कागद थडथडायला लागला. मी मात्र चांगली तापले. म्हटलं, ‘ती बाई एकटी त्या उंचीवर राहते, आणि तू तिथले स्क्रू सैल करतोस? काही झालं म्हणजे?’ त्यावर मात्र त्याने मान वर केली.

‘भार घेणाऱ्या एकाही बोल्टला हात लावलेला नाही. बाबांची शपथ. कडी, खण आणि बिजागर. त्यापलीकडे काही नाही.’

शपथ खरी होती, तो खोटी घेत नाही. मी विचारलं, ‘मग तोंडाने सांगायला काय होतं?’ तर म्हणे, ‘सांगायचं काय असतं?’ मी कपाळाला हात लावला आणि स्क्रू डबीत भरून ठेवले.

पण पुढे गंमत अशी झाली की याने सैल न केलेल्या गोष्टीही मोडायला लागल्या. शेगडीचं धुराचं नळकांडं निखळलं. सामानाची कप्पी तुटली. एक दिवस निरोप आला, स्टुलाच्या एका पायाची काच फुटली. खटपट्याची पाचावर धारण बसली. घरी येऊन जेवेना.

‘ताई, नळकांड्याला मी हात लावला नव्हता. कप्पीलाही नाही. मनोरा खरंच म्हातारा झालाय की काय? मी कडीच्या नादात होतो आणि माझं लक्ष भलतीकडे गेलं?’

सगळं खालपासून वरपर्यंत पुन्हा ठोकून आला. सगळीकडे टण्ण. तरी दुसऱ्या आठवड्यात पडद्याची दांडी पडलीच.

वनखात्याचे साहेब तालुक्याच्या कचेरीत बसतात. त्यांना मनोरा दिसत नाही, त्यांना फक्त वायरलेस ऐकू येतो. त्या वायरलेसवरून रोज काय ऐकू यायचं? कडी निघाली, नळकांडं पडलं, कप्पी तुटली, दांडी आली खाली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाने ठरवायचं ते ठरवलं. खाणीतलं जुनं लोखंड, आता भरवसा नाही. मनोरा उतरवायचा, आणि वरच्या बाईंची बदली मोठ्या शहरातल्या कचेरीत, टेबलाशी. एक माणूस येऊन मनोऱ्याच्या पायावर लाल फुली मारून गेला. उतरवण्याआधी इंजिनीअर येऊन एकदा पाहणार, एवढंच बाकी होतं.

फुलीची बातमी मीच खटपट्याला सांगितली. तो नळाखाली हात धूत होता. पाणी तसंच वाहू दिलं.

‘माझ्यामुळे,’ तो म्हणाला.

‘तुझ्यामुळे. आता जा आणि साहेबांना खरं काय ते सांग.’

‘नोकरी जाईल.’

‘जाऊ दे. नाहीतर बाई जातील. काय ते ठरव.’

त्याने ठरवलं. तीन दिवस मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीसमोर उभा राहून सराव करत होता. ‘साहेब, चूक माझी आहे,’ इथपर्यंत टाकी ऐकून घ्यायची, पुढचं त्याला सुचायचं नाही.

पाहणीच्या दिवशी मीही गेले. मी कशाला गेले म्हणाल? तर भावाला धीर द्यायला. आणि हे असलं काही परत बघायला मिळणार नव्हतं, तेही आहेच. मनोऱ्याच्या पायाशी साहेब छत्री घेऊन उभे, आमचे हे माझ्या मागे, खटपट्या पांढराफटक. इंजिनीअर म्हणून एक ठेंगणी, दणकट बाई आली होती. कुणाशी काही न बोलता तिने हातोडी काढली आणि वर चढायला लागली. टण्ण, टण्ण, टण्ण. आम्ही खाली माना वर करून ऐकत होतो. एकदाही थप झालं नाही. ती उतरून आली आणि हात झटकून म्हणाली, ‘सांगाडा ठणठणीत आहे. इतकी चांगली निगा मी कुठे पाहिलेली नाही.’

माझा जीव भांड्यात पडतोय तोच ती पुढे म्हणाली, ‘पण मग रोज मोडतंय ते का? कारण कळल्याशिवाय मी याला पास करणार नाही. ज्या बिघाडाचं कारण सापडत नाही त्याच्या खाली मी कुणाला उभं करत नाही.’

साहेबांनी मान डोलावली. ‘म्हणजे उतरवायचाच.’

मी खटपट्याच्या पाठीत बोट खुपसलं. चांगलं जोरात.

‘साहेब, चूक माझी आहे,’ तो म्हणाला. आणि पुढचं कधी नव्हे ते घडाघडा बाहेर पडलं. ‘कडी मी सैल केली. खण मी केला. बिजागरही मीच. सगळं मुद्दाम केलं.’

साहेबांनी छत्री मिटली. ‘मुद्दाम? का?’

‘परत यायला मिळावं म्हणून.’

‘कशाला परत यायचं?’

खटपट्याने नुसतं वर पाहिलं. वर खिडकी उघडी होती आणि बाई कोपरं टेकून सगळं ऐकत होत्या. इंजिनीअर बाईंच्या ते लगेच लक्षात आलं, साहेबांच्या यायला वेळ लागला. आलं तेव्हा ते आणखी चिडले.

‘आणि कप्पी? नळकांडं? ती दांडी?’

खटपट्या अडखळला. मला माहीत होतं त्याच्या मनात काय चाललंय. ते त्याने केलं नव्हतं. पण नाही म्हणावं तर कारण सापडत नाही आणि मनोरा जातो. ज्या माणसाने शपथ कधी खोटी घेतली नाही तो माझ्यासमोर छाती पुढे काढून म्हणाला, ‘तेही मीच.’

‘स्टुलाची काच?’ इंजिनीअर बाईंनी विचारलं. ‘ती जाड असते. कशाने फोडलीत?’

‘हातोडीने.’

‘हातोडीने नाही!’ वरून आवाज आला. ‘केटलीने!’

सगळ्यांच्या माना वर. बाई खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या.

‘खोटं बोलतोय तो! काच मी फोडली, विजांचे दिवस सरल्यावर. कप्पी मी तोडली, दांडी मी पाडली. नळकांड्याला तर दोनदा लाथ मारावी लागली, इतकं घट्ट बसवून गेला होता!’

‘पण का?’ साहेब ओरडले. त्यांचा आवाज फाटला.

‘मग काय करू? हा माणूस कडी बसवतो, चहा पितो, जाताना “येतो” म्हणतो, पण कधी येणार ते सांगत नाही! आठवडाभर मी त्या कडीकडे बघत बसायचं का?’

इंजिनीअर बाई मनोऱ्याच्या चौथऱ्यावर बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. आमचे हे झाडामागे गेले. साहेबांच्या चेहऱ्यावर काय काय रंग आले ते मी सांगत नाही, पण त्या लाल फुलीहून ते गडद होते. खटपट्या मात्र हसला नाही. तो वरच बघत होता, तोंड उघडं टाकून.

कारण सापडलं होतं, त्यामुळे इंजिनीअर बाईंनी डोळे पुसत मनोरा पास केला. फुली पुसली गेली, बदली रद्द झाली. पण साहेबांनी जाता जाता बजावलं, ‘यापुढे इथली एक कडी जरी हलली, तर दोघांनाही घरी बसवीन. फिटरने मोसमाआधी एकदा यायचं आणि मोसम संपल्यावर एकदा. मध्ये फिरकायचं नाही, काही मोडल्याशिवाय!’

आणि आता काही मोडणार नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आता काय राहिलं, सगळं उघड झालं. मीही तेच म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी त्याचा शर्ट इस्त्री करून ठेवला. हा घरीच. तिसऱ्या दिवशीही घरीच. मी विचारलं, ‘अरे, जात का नाहीस?’

‘काही मोडलेलं नाही,’ तो म्हणाला.

‘तिने जगासमोर ओरडून सांगितलं की रे!’

‘हो. पण मोडलेलं काहीच नाही ना, ताई. जाऊन सांगू काय?’

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. साहेबांच्या हुकुमाची त्याला पर्वा नव्हती, ते मी ओळखून होते. याचा घोळ जुनाच होता. हातात पाना नसताना कुणाच्या दारात उभं कसं राहायचं, हे याला ठाऊकच नव्हतं. वर बाई रोज वायरलेसवरून कळवायच्या, ‘धूर नाही.’ मग त्याला शेपूट लागलं, ‘मनोरा ठणठणीत.’ मग आवाज चढायला लागला. वायरलेस ऐकणारा कारकून दुकानात येऊन नक्कल करून दाखवायचा, ‘धूर नाही! काहीही मोडलेलं नाही! कळलं का?’ सगळ्या गावाला कळलं होतं. माझा दिवटा भाऊ घरात बसून माझ्या चांगल्या चाललेल्या घड्याळाला तेल घालत होता.

शेवटी मी त्याची हत्यारांची पिशवी बटाट्यांच्या पोत्यात पुरली आणि त्याला घराबाहेर काढून दार लावलं. आतून म्हटलं, ‘त्या बाईला भेटल्याशिवाय परत आलास तर जेवण नाही.’ खिडकीतून पाहिलं. तो बराच वेळ उभा राहिला, मग वखारीच्या दिशेने निघाला. रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. कधी खिशात, कधी पाठीमागे. मीही एका डब्यात पाव-अंडी भरून मागोमाग गेले. डबा कुणासाठी होता ते विचारू नका.

मनोऱ्याखाली चौथऱ्याच्या आड उभी राहून मी ऐकलं. वारा पडला होता आणि खिडक्या उघड्या होत्या, वरचा शब्द न शब्द खाली येत होता. तो वर पोचला. सज्ज्यावरून खिडक्यांसमोरून चालायला लागला. पहिल्याच खिडकीशी थांबला.

‘काय मोडलंय?’ बाईंनी आतून विचारलं.

‘काही नाही.’

‘पिशवी कुठाय?’

‘नाही आणली.’

‘मग कशाला आलात?’

सवयीने त्याने कठड्याच्या बोल्टवर अंगठा दाबून पाहिला असणार, मला खात्री आहे. मी खाली ओठ चावत उभी होते. बोल रे, मी मनात म्हणत होते, एकदा तरी तोंडाने बोल.

‘मला यायचं होतं,’ तो म्हणाला. ‘म्हणून आलो. उद्याही यायचंय.’

मला रडू फुटलं. डब्यावर थेंब पडायला लागले आणि मी माझ्यावरच चिडले.

‘मग इतके दिवस काय करत होतात?’ बाईंचा आवाज चढा होता, पण तो नेहमीचा चढा नव्हता.

‘मोडायची वाट बघत होतो.’

वरून दार उघडल्याचा आवाज आला.

‘बूट काढून या,’ बाई म्हणाल्या. ‘फळ्या पुसल्यात.’

त्याच्या पायात रफू केलेले मोजे नव्हते, हे मला घरी गेल्यावर कळलं. ते खुंटीवरच लटकत होते.

पुढे दोघांनी लग्न केलं. राखणदाराच्या घरच्या माणसाला वर राहता येतं, असा एक जुना नियम कुठूनसा निघाला, आणि तो ऐकून साहेब चार दिवस आजारी पडले. आता कोरडे महिने लागले की खटपट्या वरच असतो. बाई धूर बघतात, हा काचा पुसतो. सारं गाव म्हणतं की मनोऱ्याची इतकी निगा कधीच नव्हती. एक तक्रार नाही, एक कडी हललेली नाही.

माझ्या घराचं मात्र वाटोळं झालं. मागची खोली रिकामी. आमचे हे पत्त्यांत हरायला लागले, कारण मी मुद्दाम हरत नाही. ह्यांनी भिंतीवर एक खिळा ठोकला तर भिंतीचा पोपडा निघाला. मग स्वयंपाकघराचा नळ ठिबकायला लागला. निरोप पाठवला, खटपट्या आला. केसांत दोन नवे पांढरे दिसत होते, पोट थोडं सुटलं होतं. मोजे मात्र धड होते. नळ उघडून त्याने आत पाहिलं.

‘ताई, हा वॉशर आपोआप निघत नाही.’

‘नळ जुना झालाय.’

‘गेल्या महिन्यातच बदललाय मी.’

‘मग मला काय माहीत? फिटर तू आहेस की मी?’

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओट्यावर भांड्यांमागे स्क्रूड्रायव्हर होता, तो लपवायचा राहिला होता. तेही त्याने पाहिलं. मग नळ बसवला, ओटा पुसला, माझ्यासमोर बसून दोनदा चहा घेतला आणि ह्यांच्याबरोबर पत्त्यांचा एक डाव हरला.

निघताना मी दारापर्यंत गेले. पायरी उतरण्याआधी तो थांबला, माझाच स्क्रूड्रायव्हर खिशातून काढला आणि माझ्या पुढच्या दाराच्या कडीचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला.

‘येतो, ताई,’ तो म्हणाला. ‘रविवारपर्यंत निघेल ती.’